तिच्या रक्तानं मोजलेली लेकरं

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. घेणारा आन् विकणारा एका उपरण्याखाली हात घालतेत, बोटं दाबतेत, सौदा होतो. बाजूला उभा राहिलेल्याला नुसतं कापड हललेलं दिसतं. मी सगळी हयात हाळीच्या बाजारात म्हशींच्या दलालीत घातली. त्यामुळं एक खोड लागली ती लागलीच. जिथं दोन माणसं आपल्याला कळणार न्हाई अशा भाषेत बोलून राहिलेत, तिथं कापडाखाली काहीतरी चालू हाय असं धरून चालायचं. ह्या खोडीनं माझं कधी नुकसान झालं न्हाई. म्हणून दवाखान्यातबी ती मी बाहेर काढून ठेवली न्हाई, चप्पल काढतो तशी.

आमच्या मालकिणीच्या, म्हणजे बायकोच्या, फुप्फुसाला जाळी पडली. लातूरच्या छातीच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून दाखवला. म्हणला, चांगलं फुप्फुस ओल्या स्पंजासारखं असतंय, फुगतंय, दबतंय. हिचं वाळल्या घोसाळ्यावाणी झालंय. मग त्यानं इचारलं, घरात कबुतरं हायेत का? म्हणलं, न्हाईत. चुलीचा धूर? म्हणलं, चूल व्हती, पण ती तर सगळ्या गावात व्हती. मग हिलाच कामून? त्यानं खांदे उडवले. ज्याला खांदे उडवायचेत त्यानं पाटी कशाला लावावी, असं माझ्या मनात आलं. शकाला सुरुवात तिथून झाली.

तो म्हणला, गोळ्यांनी आता भागणार न्हाई. फुप्फुस बदलावं लागंल. हैदराबादला करतेत.

"दुसऱ्याचं बसवणार? कुणाचं?" मी इचारलं.

"ज्याचा मेंदू मेलाय आन् घरच्यांनी देतो म्हणून सांगितलंय, त्याचं."

मी त्याच्याकडं टक लावून पाहत बसलो. तशी मालकीण नाकातली नळी सारखी करून म्हणली, "अवो, माणूस आधीच मेलेला असतो म्हणतेत ते. तुम्ही असं बघून राहिले, जसं डॉक्टरसाहेब आत्ता कोयता घेऊन निघालेत."

डॉक्टर हसला. मी हसलो न्हाई.

हैदराबादला एक तरुण डॉक्टरीण व्हती. आमच्याशी दखनी हिंदीत बोलायची, बरोबरच्यांशी इंग्रजीत. म्हणजे कापड व्हतंच. तिनं मालकिणीची छाती टेपानं मोजली, रक्ताच्या नळ्या भरून घेतल्या आन् मला इचारलं, "चाचा, अम्मा को हमल कित्ते बार ठैरा?"

म्हणजे बाईला दिवस किती वेळा गेले.

माझं डोकंच सरकलं. बाजारात म्हैस उभी केली की गिऱ्हाइकाचा पहिला सवाल हाच असतो, कितव्या वेताची? आन् विकणारा त्याचं खरं उत्तर कधीच देत न्हाई. हा सवाल मी आयुष्यभर म्हशींबद्दल इचारला. माझ्या बायकोबद्दल मला कुणी इचारंल असं वाटलं नव्हतं. आजार छातीचा, चौकशी पोटाची. हिला नापास करायला कारण शोधून राहिलेत, असं मी धरलं.

"दोन," म्हणलं. "लेक नांदेडला दिलीय, पोरगा पुण्याकडं कंपनीत हाय."

मालकीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

इथं एक सांगावं लागंल. आमच्याकडं बारसं व्हायच्या आधी गेलेलं लेकरू मोजत न्हाईत. त्याला नाव नसतंय, दिवस-कार्य नसतंय. बांधाच्या कडंला खड्डा करायचा, वर एक धोंडा ठेवायचा, मागं न बघता घरी यायचं. म्हाताऱ्या बाया सांगायच्या, गेलेल्याला मोजलं की राहिलेल्याला दृष्ट लागती. आमच्या लिंबाखाली असे तीन धोंडे हायेत. गावात कुणी इचारलं, लेकरं किती, तर दोन म्हणायचं. मी तसंच म्हणत आलो, तीबी तसंच म्हणत आली. त्यात खोटं बोलतोय असं कधी मनात आलं न्हाई. आमच्या रीतीनं ते पुरं उत्तर व्हतं.

नंतरच्या खेपेला डॉक्टरणीनं समजून सांगितलं. फुप्फुस कुणाचंबी कुणाला बसत न्हाई. आधी रक्ताचा गट जुळावा लागतो. मग माप. उंचपुऱ्या गड्याचं फुप्फुस बारक्या बाईच्या छातीत मावत न्हाई. इथवर मला पटलं, कारण हे डोळ्यांनी दिसणारं हाय. तिसरी गोष्ट दिसत न्हाई. माणसाच्या मांसावर म्हणे एक मोहर असती. निम्मी आईची, निम्मी बापाची. शरीराचे पहारेकरी ती मोहर वाचतेत आन् ठरवतेत, आपला का परका. काही माणसांच्या रक्तात आधीपासूनच काही मोहरांविरुद्ध पहारेकरी तयार होऊन बसलेले असतेत.

"अम्मा का खून बहुत तैयार है," ती म्हणली. "जिस मोहर को ये पहचानता, वैसा फेफड़ा हम लेइच नहीं सकते। इसलिए इनको मिलना मुश्किल है।"

"कुणी तयार केलं हिचं रक्त?"

तिनं परत इचारलं. "हमल दोईच थे ना चाचा? कभी खून चढ़ाए थे?"

"दोईच," मी म्हणलं. "खून-बिन काही न्हाई."

एकदा सांगितलेलं जे गिऱ्हाईक परत इचारतं, ते एकतर भाव पाडायच्या बेतात असतं न्हाईतर माघार घ्यायच्या. दोन्हीपैकी काय, ते मला कळंना. जे दिसत न्हाई, ज्याचा वास येत न्हाई, ज्याला हात लावता येत न्हाई, त्या मोहरेवरून माझ्या बायकोचं मरण-जगणं ठरणार. मी म्हणलं, हे तर उपरण्याखालचं उपरणं हाय.

फोन आला की लगेच निघता यावं म्हणून आम्ही नांदेडला लेकीकडं राहिलो. खोलीत हवेचं यंत्र दिवसभर घुरघुर करायचं. मालकीण खाटेवर बसून शेंगा फोडायची, दोन फोडल्या की थांबायची. लेक म्हणायची, "माय, राहू दे की." ती म्हणायची, "नुसतं बसून श्वास मोजू काय मग?" मी फोन उराशी धरून फिरायचो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तिकडं कुणाकुणाला मिळून राहिलं असंल, आन् आमचंच नाव कुणी दाबून धरलंय, असं मला रोज वाटायचं.

आन् एका दुपारी फोन वाजला. जावयानं गाडी काढली. यंत्राची बारकी टाकी मांडीवर घेऊन मालकीण मागं लेकीजवळ बसली. वाटंत तिनं दोनदा इचारलं, "ज्याचं हाय, त्याच्या घरी आज काय चालू असंल हो?" मला त्याचं काही पडलं नव्हतं. मला तिच्या ओठांचा निळा रंग दिसून राहिला व्हता.

तिथं गेल्यावर कळलं की दोघांना बोलावलंय. पहिला नंबर मालकिणीचा. रक्ताची शेवटची तपासणी जुळली न्हाई तर दुसऱ्याला. दुसरा म्हणजे उदगीरचा एक दुकानदार, चाळीस-पंचेचाळीसचा. त्याच्यासंगं पांढऱ्या कपड्यातले चार-पाच लोक, सगळ्यांच्या कानाला फोन. दारात त्यांची लांबलचक पांढरी गाडी. ती गाडी बघितली आन् मी लेकीला म्हणलं, "झालं. आपलं रक्त आता जुळत नसतंय."

लेक म्हणली, "अण्णा, तोंड बंद ठिवा."

डॉक्टरीण बाहेर आली, तवा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "नहीं जम रा चाचा."

मग मी वरडलो. जे जे तोंडात आलं ते बोललो. "गाडीचा नंबर जुळला म्हणा की! आम्ही जीपमधून आलो म्हणून न्हाई जुळलं. कुणाची बोटं कुणाच्या हातात गेली ते सांगा!" उदगीरवाल्याची माणसं बघायला लागली. त्याची बायको भिंतीला टेकून उभी व्हती, तिनं मान खाली घातली. जावई माझा दंड धरून ओढत व्हता.

मला वाटलं, आता हाकलून देतेत. तर ती पोरगी बाकड्यावर माझ्या बाजूला येऊन बसली. पण बोलली माझ्याशी न्हाई. मालकिणीकडं वळली आन् तोच सवाल तिला इचारला. एवढ्या दिवसांत तिला कुणी इचारलाच नव्हता, सगळ्या वेळी उत्तर मीच दिलं व्हतं.

मालकिणीनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "पाच," म्हणली. आन् बोटं मोजत गेली, एकेक. "पहिलं सातव्यातच गेलं. मग लेक. मग एक मेलेलंच झालं. मग पोरगा. शेवटचं तिकडं नांदेडात झालं, तीन दिवस राहिलं. तवा मला रक्त चढवलं व्हतं. दोन बाटल्या. ह्यांना ते ठाऊक न्हाई."

लेक तिच्याकडं बघतच राहिली. तिला तीन धोंडे ठाऊक व्हते, पण मायच्या तोंडून पाच हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला. मीबी.

डॉक्टरणीनं मग सांगितलं ते मला माझ्याच बाजाराच्या भाषेत कळलं. आमच्यात म्हशीचं रेडकू मेलं तर दुसरीचं तिला लावायचा प्रयत्न करतेत. मेलेल्याचं कातडं त्याच्या पाठीवर टाकतेत, अंगाला गूळ-मीठ चोळतेत, म्हणजे ती चाटंल, पान्हा सोडंल. एखादी फसती. पण जिनं एकदा परका वास हुंगून ध्यानात ठेवला, ती न्हाई फसत. लाथ घालती. बाईच्या पोटात लेकरू असतं तवा त्याचं थोडं रक्त तिच्या रक्तात मिसळतं. लेकराची निम्मी मोहर बापाची. बाईचे पहारेकरी ती हुंगतेत आन् ध्यानात ठेवतेत. लेकरू बारशापर्यंत जगलं का न्हाई, ते त्यांना ठाऊक नसतं. बाटलीतलं परकं रक्तबी ते असंच हुंगून ठेवतेत. आन् आज आलेल्या फुप्फुसावर नेमकी त्यातलीच एक मोहर निघाली.

"असं कातडं टाकायचं औषध न्हाई का काही?" मी इचारलं.

तिला कातड्याचं समजावून सांगायला जावयाला थोडा वेळ लागला. मग ती म्हणली, "है चाचा। सबको देते, जिंदगी भर। मगर इत्ते तैयार खून पे कम पड़ता। अभी बिठाए तो टेबल पे ही काला पड़ जाता। अम्मा भी जाती, फेफड़ा भी जाता।"

"मग माझं काढून घ्या. दोन हायेत, एक घ्या. संगं राहून राहून हिच्या रक्ताला माझी सवय असंल."

ती हसली न्हाई, हे मी मानतो. म्हणली, जित्या माणसाचं इथं काढत न्हाईत, त्यात तुमचं वय आन् बिडी. आन् वर म्हणली, "और सच बोलूँ तो चाचा, इनका खून सबसे पहले आपको ही पहचानता।"

मालकिणीला हसू आलं आन् हसता हसता ढास लागली. लेकीनं पाठ चोळली. श्वास जाग्यावर आल्यावर म्हणली, "बघा. इतकी वर्सं मी तुम्हाला सोसलं, पण रक्तानं मनात ठिवलं व्हतं."

आमच्या डोळ्यांसमोर उदगीरवाल्याला चाकाच्या खाटेवर घालून आत नेलं. त्याचं रक्त जुळलं म्हणे. एकदम जुळलं.

परतीच्या वाटंत नायगाव मागं पडल्यावर मालकीण म्हणली, "तुम्ही कामून दोन म्हणले?"

"तसंच म्हणतेत."

"हाव. मीबी तसंच म्हणत आले." खिडकीकडं बघत ती बसली. मग म्हणली, "पण रक्ताला कुणी सांगितलं न्हाई वाटतं, मोजायचं नसतं म्हणून."

त्यानंतर फोन आला न्हाई. थंडी सरता सरता ती गेली. त्या दिवशी दुपारी लेकीनं चहा आणून दिला, मालकिणीला बशीतल्या चहावर फुंकर मारता येईना. मी बशी हातात घेतली, फुंकर मारून दिली. घोटभर प्याली. "गोड हाय," म्हणली. उन्हं उतरायच्या आत संपलं.

मी गावी आलो. चाकूरच्या बाजूला आमचं गाव. लोक दारात बसायला यायचे, म्हणायचे, देवाची मर्जी. मी म्हणायचो, देवाचं बघू, आधी माणसाची मर्जी काय व्हती ते मला बघायचंय. मला झोप लागंना. डॉक्टरीण बोलली ते सगळं समजलं व्हतं, पण समजणं येगळं आन् यकीन येगळं. हुशार दलाल गिऱ्हाइकाला असंच त्याच्याच भाषेत समजावतो. मी स्वतः हजार वेळा समजावलंय. लातूरला जाऊन छातीच्या डॉक्टरला गाठलं. इचारलं, पोटच्या लेकरानं आईचं रक्त असं होतंय, हे खरं का बनवलेलं?

"खरं हाय बाबा. बायांना म्हणूनच जास्त दिवस थांबावं लागतं. पुरुषाला हे लचांड नसतं."

मी बाहेर आलो आन् मनात म्हणलं, डॉक्टर डॉक्टरचीच बाजू घेणार. बाजारात एका दलालाचं खोटं दुसऱ्या दलालानं उघडं पाडलेलं मी कधी बघितलं न्हाई.

म्हैस खरी कशी हाय ते बोलण्यावरून कळत न्हाई, म्हैस बघून कळतं. म्हणून मी उदगीरची एसटी धरली. तो दुकानदार बघायचा. खरंच फुप्फुस जुळलं असंल तर अंगावर दिसंल. आन् पैशानं बसवलं असंल तर तेबी दिसंल.

दुकान शोधायला त्रास पडला न्हाई. उदगीरात फुप्फुस बदललेला माणूस एकच. मला वाटलं मोठी पेढी असंल. तर बोळाच्या तोंडाशी खोलीएवढं किराणा दुकान, पुढं फळीवर बिस्किटाच्या बरण्या. तो गल्ल्यावर तोंडाला मास्क लावून बसला व्हता. बायको आत पोत्यातून साखर काढून राहिली व्हती. त्यांनी मला वळखलं. कोण विसरंल, एवढा मी वरडलो व्हतो.

"बसा काका," तो म्हणला आन् स्टूल पुढं केलं.

मी बसलो आन् त्याला जनावर न्याहाळतात तसं न्याहाळलं. बरगड्या कशा उचलतेत, नाकपुड्या फुलतेत का, बोलता बोलता दम खातो का. दम खात नव्हता. पण हात थरथर कापत व्हता, गालावर सूज व्हती.

"गाडी कुठंय?" मी इचारलं.

"कोणती गाडी?"

"लांबडी. पांढरी."

"ती व्हय. मेव्हण्याच्या मालकाची. दिवसभरासाठी मागून आणली व्हती." त्यानं मास्क जरा सारखा केला. "काका, तुमचा शक माझ्यावर हाय का डॉक्टरवर?"

"दोघांवर."

त्याची बायको आतून म्हणली, "बोलू द्या त्यांना."

मी इचारलं, तुझ्या रक्तात काय निघालं व्हतं. तो म्हणला, "काहीच न्हाई. कोरं, म्हणले. कधी कुणाचं रक्त घेतलं न्हाई, आन् बाप्या माणूस, पोटात काय धरणार? कशाशी वैर न्हाई म्हणले तुमच्या रक्ताचं. म्हणून तर दुसरा नंबर असून मला मिळालं." मग हात पुढं करून दाखवला, कापणारा. "पण जुळलं म्हणजे सुटलो असं न्हाई काका. ह्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. एक चुकली की आतले पहारेकरी जागे होतेत. मागच्या महिन्यात जरा जागे झालेच व्हते, परत तिकडं जाऊन पडलो. डॉक्टरीण म्हणली, चांगलं जुळलेलंबी असं कुरबुर करतं, न जुळलेलं तर पहिल्या दिवशीच गेलं असतं."

"तुला वाटत न्हाई का कधी, की हे दुसऱ्याचं व्हतं? माझ्या मालकिणीचं?"

त्यानं गल्ला लोटून बंद केला. "तुम्ही वरडत व्हता ते मला बाजूच्या खोलीत ऐकू येत व्हतं," म्हणला. "भूल चढंपर्यंत तुमचाच आवाज कानात. म्हणलं, उठून बसावं आन् सांगावं, आधी त्यांना बघा परत एकदा. पण उठलो न्हाई. मलाबी जगायचं व्हतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, एक किलो गूळ घेऊन गेलं. त्यानं स्वतः तागडी धरली, गूळ जोखला. कापऱ्या हातानंबी काटा मधोमध येईपर्यंत त्यानं हात काढला न्हाई. मी ते बघितलं. शक संपूर्ण गेला असं मी म्हणत न्हाई. ज्याला सवय हाय त्याचा शक संपूर्ण कधी जातो? पण त्या दुकानात कापड कुठं व्हतं ते मला दिसंना. जे झाकलं व्हतं ते आमच्या बांधावर, लिंबाखाली व्हतं, आन् तिथं माती आम्हीच लोटली व्हती.

त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात दिला आन् कुणीबी पाहुण्याला इचारतं तसं सहज इचारलं, "काका, लेकरं किती तुम्हाला?"

"पाच," मी म्हणलं. "त्यातली दोन हायेत."

तिनं बशी पुढं केली. चहा लई गरम व्हता. मी फुंकर मारली, आन् तिथंच बसून पिला.